दादा, त्या गणपतीला डोळे होते

दादा, तुझ्या तेराव्याला माणसं जेवून उठली आणि अंगणात सुपारी कातरत तुझ्या हाताबद्दल बोलायला लागली. तुझ्याबद्दल कमी, हाताबद्दल जास्त. गणपतीचे डोळे आखणारा असा हात हमरापुरात पुन्हा होणार नाही, अख्ख्या पेण तालुक्यात होणार नाही. मग कोणीतरी आवाज खाली घेऊन म्हणालं, "पण देवानंच काढून घेतला ना तो." तीनचार माना माझ्याकडं वळल्या. मी ताटं उचलत होते, ती उचलत राहिले.

मी काय बोलले होते ते गावात सगळ्यांना पाठ आहे. तुझ्या धाकट्या बहिणीनं, रोह्याच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी, भर कारखान्यात तुला शाप दिला आणि वर्षाच्या आत तुझा हात थरथरायला लागला. सहा वर्षं ही गोष्ट लोक चवीनं सांगतायत. तूही कधी ती खोडून काढली नाहीस. आज तुला जाऊन एकवीस दिवस झाले, आणि मला तुझ्याशी भांडायचं आहे. आता तू उठून जाऊ शकत नाहीस, तेवढा एक फायदा आहे.

आपल्या कारखान्याचा नियम आठवतो ना? आप्पांनी घालून दिलेला. आखणी होईपर्यंत गणपती म्हणजे माती. तोपर्यंत त्याच्या सोंडेवर फडका वाळत घाला, ओलांडून जा, एकमेकांना शिव्या द्या, चालतं. एकदा डोळे आखले की चपला बाहेर आणि जीभ ताब्यात. आपण दोघं लहानपणी भांडायला लागलो की आप्पा म्हणायचे, "काय बोलायचं ते आत्ताच बोलून घ्या, उद्यापासून आखणी हाय." आपणही खरंच बोलून घ्यायचो. तू मला नकटी म्हणायचास आणि मी तुझ्या मानेवर रंग उडवायचे, आणि समोर शंभरेक आंधळे गणपती ओळीनं बसलेले असायचे. दुसऱ्या दिवसापासून आपण शहाण्यासारखे वागायचो.

आखणी मला तूच शिकवलीस. मी बारा वर्षांची होते, तू एकवीसचा. फुटक्या मूर्तींची डोकी पुढ्यात मांडलीस आणि माझं मनगट डाव्या हातानं धरून पहिली रेघ काढून घेतलीस. "श्वास सोडताना रेघ ओढायची गो, घेताना नाय." पुढं शाळेत फळ्यावर गोल काढताना मी श्वास सोडायचे, आणि पोरं हसायची. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तू महिनाभर मिरवलं असतंस, म्हणून नाही सांगितलं.

भांडण आपलं नजरेवरून. तू म्हणायचास, देवाची नजर सरळ हवी, समोर उभं राहून आरती करणाऱ्या माणसाच्या डोळ्यात जाणारी. मी म्हणायचे, थोडी खाली हवी. आरतीला एक जण पुढं उभा असतो, बाकी घर मागं बसलेलं असतं. म्हातारी माणसं, पोटुशी बाई, भांडी घासून येऊन भिंतीला टेकलेली कोणीतरी. त्यांच्याकडं कोण बघणार? तू म्हणायचास, "खाली बघणारा देव लाजल्यासारखा दिसतो." मी म्हणायचे, सरळ बघणारा हवालदारासारखा दिसतो. चाळीस वर्षं आपण हेच भांडलो आणि दोघांनाही त्यात मजा यायची, खोटं कशाला बोलू.

पण आप्पा गेल्यावर डोळे फक्त तुझे झाले. सोंड कोणीही रंगवा, दागिने कोणीही करा, पितांबर आप्पांच्या वेळचे जनूकाका करोत नाहीतर बाया करोत, डोळ्यांना हात लावायचा तो तूच. मी दर श्रावणात शाळेची रजा टाकून यायचे आणि मुकुटाला सोनेरी लावत बसायचे. वाईट वाटायचं, पण तुझ्या हाताला तोड नव्हती हेही दिसत होतं. जास्त वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. एकदा मुंबईचा एक गिऱ्हाईक मूर्तीकडं बघून म्हणाला, "देवाची कृपा आहे हो तुमच्यावर." तू ब्रश पुसत म्हणालास, "त्याची माझ्यावर, की माझी त्याच्यावर? मी नाय आखले तर तो बघणार कसा?" सगळे हसले. मीही हसले, दादा. वहिनी तेवढी हसली नाही. ती आत गेली आणि देव्हाऱ्यासमोर दिवा लावला, भर दुपारी.

त्या वाक्याला लोक हसले म्हणून तू ते पुन्हा पुन्हा म्हणायला लागलास. दर सालाला. मला दरवेळी वाटायचं, देव ऐकून घेतोय, पण किती दिवस घेईल?

आणि मग तो दिवस. श्रावणातली दुपार, चतुर्थी पंधरा दिवसांवर, आणि निम्म्या मूर्ती बिनडोळ्यांच्या; आखून झालेल्या तेवढ्या पलीकडच्या खोलीत हलवलेल्या. त्या वर्षी तू आखायला बसलास की सगळ्यांना बाहेर घालवत होतास. तास तास दार लावून बसायचास आणि चारपाच मूर्ती करून उठायचास. मला वाटलं, आता याची मस्ती इतकी वाढली की बघणारीही माणसं नकोत. पाट दिलेली माणसं विचारायला येत होती. आपापल्या घरचा लाकडी पाट आणून देतात, त्यावरच मूर्ती बसवून न्यायची असते, आणि पाटावरचे गणपती तसेच पांढऱ्या डोळ्यांचे बसलेले. तू जेवायला गेलास तेव्हा मी एक छोटा गणपती पुढ्यात घेतला आणि त्याचे डोळे आखले. माझ्या पद्धतीनं, जरा खाली बघणारे. चांगले झाले होते. जनूकाका म्हणाले, "बाय, आप्पांची आठवण झाली."

तू आलास. बघितलंस. ओला फडका घेतलास आणि त्या गणपतीचे दोन्ही डोळे पुसून टाकलेस. अकरा माणसं बघत होती. "मास्तरीणबाई, ही तुमची शाळा नाय."

माझं डोकं फिरलं. मी काय बोलले ते शब्दन् शब्द आठवतं. "ज्या हाताची एवढी घमेंड आहे ना तुला, तो हात गळून पडेल तुझा. देवानं पुष्कळ ऐकून घेतलं. आता नाही ऐकणार."

रंग फवारायचा कॉम्प्रेसर कोणीतरी बंद केला. तू हसलास, पण तोंडानंच. "कोणासमोर बोलतेस? एकाला तरी डोळे हायत का यातल्या?"

तेव्हा जनूकाका हळूच म्हणाले, "हाय. त्या कोपऱ्यातल्याला हाय."

कोपऱ्यात, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याखाली, हातभर उंचीचा एक गणपती होता. तुकडा एका बाजूनं घसरला होता आणि त्याचा एक डोळा बाहेर आला होता. इतका सुंदर डोळा तू आधी काढला नव्हतास. तो सरळ माझ्याकडं बघत होता. मी कुठं बोलले, कोणासमोर बोलले, ते माझ्या लक्षात आलं. तू धावत जाऊन तो झाकलास. मला वाटलं, माझ्या बोलण्यापासून त्याला वाचवायला झाकलास. आपल्या घरात जन्मून, आप्पांचा नियम बाळपणापासून ऐकून, मी ती एक चूक केली होती. कोपरा न बघता तोंड उघडलं होतं.

त्या दिवाळीत भाऊबीजेला तू माझ्या घरी, रोह्याला, पाटावर बसलास आणि तुझ्या हातातली सुपारी ताटात टकटक वाजायला लागली. निरांजन माझ्या हातात होतं. तुझा उजवा हात आपल्याआपण हलत होता. तू तो मांडीखाली घेतलास. मी म्हणाले, "दादा, मी त्या दिवशी बोलले ते…" तू मला पुढं बोलूच दिलं नाहीस. म्हणालास, "बोललीस ते बोललीस. त्यानं ऐकलं."

एवढंच. त्यानंतर माझं काय झालं असेल याचा कधी विचार केलास? मी रोह्याच्या ग्रामदैवताला, धावीर महाराजांना नवस केला. संकष्ट्या धरल्या. मोठ्यानं बोलायचं सोडलं, घरात सगळे म्हणायला लागले की बाईंचा आवाज गेला का. शाळेत एखाद्या पोरावर चिडले तरी ओठ आवळून घ्यायचे, न जाणो. आरशात बघताना वाटायचं, हे तोंड. कुठल्याही गणपतीसमोर उभी राहिले की तो कोपऱ्यातला डोळा आठवायचा. लोकांच्या घरी दर्शनाला जायचे ते बाजूनं, समोरून नाही. तू डोळे असे आखायचास की बाजूनंही सुटका नसायची.

आणि तरी राग गेला नव्हता, दादा. अपराधी वाटत होतं आणि रागही होता, दोन्ही एकाच ताटात. म्हणून तर दोन वर्षांपूर्वी तसं झालं.

तू एकटा एसटीनं रोह्याला आलास. जेवायला बसला नाहीस, म्हणालास भूक नाय. वडखळच्या रस्त्यावर किती खड्डे आहेत ते सांगितलंस. आमच्या दारातला आंबा यंदा कसा आला विचारलंस. अर्धा तास असंच. मग खिडकीकडं बघत म्हणालास, "यंदा येशील काय? हात कमी पडतायत."

मला कळलं होतं. तुला काय म्हणायचं होतं ते पहिल्या खड्ड्यापासून कळलं होतं. तू आखणीला बोलवायला आला होतास. पण मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी म्हणाले, "डोळे पुसलेस तेव्हा अकरा माणसं होती. त्या अकरांसमोर सांग, येते."

मी चहाचा कप घेऊन उभी होते. "चहा नको," म्हणालास आणि चपला घातल्यास. गॅलरीतून बघितलं तर उजवा हात पँटच्या खिशात घालून चालत होतास. स्टँडपर्यंत हात बाहेर काढला नाहीस. त्यानंतर तू कधी बोलवलं नाहीस, भांडणापासून मी श्रावणात यायचं सोडलं होतं, तेही तसंच राहिलं. मूर्ती बिनडोळ्यांच्याच बाहेर जायला लागल्या, कोणीतरी दुसरीकडं आखायचं. पाटावरच्या तेवढ्या तू सकाळी गोळी घेऊन कशाबशा करायचास, असं ऐकत होते.

आता मुद्द्यावर येते. तेराव्यानंतर वहिनी म्हणाली, "वन्सं, आपल्या घरी यंदा बसायचा नाय, पण पाट देणाऱ्यांचे साठ गणपती राहिलेत. त्यांनी काय करायचं?" मी पदर खोचला. तुझे ब्रश शोधायला आम्ही दोघी माळ्यावर चढलो, तर ब्रशांच्या डब्यामागं खोक्यात तो होता. आईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. वहिनी म्हणाली, "ह्याला कोणाला हात लावू देत नव्हते. विसर्जनपण करू नाय दिलं."

मी कापड काढलं.

एक डोळा तोच, सुंदर. दुसऱ्या डोळ्याची रेघ निम्म्यात थरथरली होती आणि बुबुळ खाली घसरलं होतं. तू तीनचारदा पुसून पुन्हा काढल्याचे डाग होते. मी वहिनीकडं बघितलं. ती पायरीवर बसली.

"आषाढातला हाय हा," ती म्हणाली. "तुमचं भांडण श्रावणात झालं. हात तर चैत्रापासूनच हलत होता. चमच्यातली आमटी सांडायची. म्हणून तर दार लावून बसायचे."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"शपथ घातली व्हती त्यांनी."

"का पण?"

ती लुगड्याच्या तुकड्याची घडी करत राहिली. "म्हणायचे, आजार झाला म्हटलं की लोक कीव करतात. देवानं हात काढून घेतला म्हटलं की मान राहतो."

दादा, तुला काय म्हणू? सहा वर्षं मी माझ्या जिभेला घाबरून जगले, आणि तू खिशात हात घालून ऐकत होतास. एका शब्दानं मला मोकळं करता आलं असतं. पण तुला थरथरणारा म्हातारा व्हायचं नव्हतं. तुला देवानं ज्याची दखल घेतली असा माणूस व्हायचं होतं. त्याच्या शिक्षेचीसुद्धा तू शाल करून पांघरलीस. आणि त्या बिचाऱ्याला सहा वर्षं माळ्यावर आईच्या लुगड्याकडं बघत बसवलंस. मी त्या दिवशी माळ्यावर तुला मोठ्यानं शिव्या दिल्या. समोर डोळेवाला होता, तरी दिल्या. सहा वर्षांनी माझा आवाज परत आला. वहिनीनं अडवलं नाही.

शिव्या संपल्यावर मात्र एक गोष्ट मनात आली, ती गेली नाही. तू खोटं बोललास ते मला का पटलं? सहा वर्षांत एकदाही मी डॉक्टरला विचारलं नाही की हा आजार किती आधी सुरू होतो. वहिनीला विचारलं नाही. कारण मलाही कुठंतरी आवडलं होतं ते. मी बोलले आणि देवानं केलं. नवस करत होते, रडत होते, आणि आत एक बाई ताठ बसली होती, जिचं देव ऐकतो. तू म्हणायचास, मी त्याचे डोळे उघडतो. मी समजत होते, तो माझ्या तोंडानं बोलतो. आपल्या दोघांत कोण जास्त चढलं होतं, ते त्यालाच माहीत.

हल्ली सारखा एकच विचार येतो. देवाचा धीर नेमका कुठं संपला असेल? तुझ्या त्या हसवणाऱ्या वाक्याला नाही, ते त्यानं वर्षानुवर्षं ऐकलं. डोळे पुसलेस तेव्हाही नाही. माळ्यावर सहा वर्षं बसला, तिथंही नसेल संपला. मला भीती वाटते दादा, की तो रोह्याला माझ्या घरात संपला. तू खिडकीकडं बघत होतास तेव्हा.

साठ मूर्तींची आखणी मी केली. तीस तुझ्या नजरेच्या, तीस माझ्या. काल शेवटी तो पुढ्यात घेतला. यंदा त्याला रोह्याला नेणार आहे, आमच्या घरी बसवणार, आणि मग कुंडलिका नदीत पोचवणार. फार वाट बघितली त्यानं. फक्त तो दुसरा डोळा नीट करायचा होता. जुना पुसला, ब्रशाला काळा लावला, श्वास सोडला, आणि रेघेला सुरुवात करताना माझा हात हलला.

तुला खरं सांगते, पहिल्यांदा नव्हता हलला. फाल्गुनात ब्लाउजचं हूक लागेना. परवा संकष्टीला निरांजनातलं तूप सांडलं. थकवा, म्हणत होते. आल्यागेल्यासमोर हात पदराखाली घेत होते. कोणाला सांगितलं नव्हतं. बघ म्हणजे, घराणं एकच.

कारखान्यात जनूकाका होते, पितांबर करणाऱ्या चार बाया होत्या, वहिनी होती. कोणी माझ्याकडं बघत नव्हतं. तो बघत होता, त्या एका डोळ्यानं. तुझ्या पद्धतीचा, सरळ बघणारा. "जरा चहा घेऊन येते," हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. म्हटलं असतं, उठले असते, त्याच्यावर लुगड्याचा तुकडा टाकला असता, आणि कोणाला काही कळलं नसतं.

मी ब्रश वर धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझा हात हलतोय. कोणीतरी मनगट धरा."

कॉम्प्रेसर बंद झाला. वहिनी उठली, माझ्या शेजारी मांडी घालून बसली आणि दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं. आम्ही दोघींनी मिळून तो डोळा आखला. पहिल्यासारखा नाही झाला. जरा खाली बघतो.

दादा, एवढंच वाक्य होतं रे. दोन वर्षांपूर्वी तू ते वडखळच्या सगळ्या खड्ड्यांतून सांभाळत माझ्या घरापर्यंत आणलं होतंस, आणि मी चहाचा कप धरून वाटेत उभी राहिले.